सोनाबाईचं आमेन

कडावच्या पुढे, भातखाचरांना लागून सोनाबाईचं घर आहे. पुढे ऐसपैस ओटी, मागे गोठा, गोठ्यात दोन म्हशी. थोरली म्हैस मालकिणीसारखीच हट्टी आहे असं सगळी आळी म्हणते आणि सोनाबाई ते ऐकून मनातून खूश होते. आठवडाभर ती दुधाच्या मागे असते. शुक्रवारी दुपारी मात्र ओटी झाडून-पुसून ताडपत्री अंथरते, कारण शुक्रवारी तिच्याकडे प्रार्थनासभा भरते.

नाव सोनाबाई आणि बाई ख्रिस्ती, याचं नवख्या माणसाला नवल वाटतं. उल्हास नदीत तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकसाहेबांनी विचारलं होतं, एखादं नवं नाव घ्यायचं का? ती ओलीचिंब, कुडकुडत उभी होती. म्हणाली, बापानं ठेवलेल्या नावानं हाक मारली तरी देवाला कळंल. पाळकसाहेब हसले आणि जुनंच नाव कायम राहिलं.

भावकी मात्र हसली नाही. लग्नाकार्याची बोलावणी बंद झाली. दिराने सामाईक विहिरीवर पंप लावायला मनाई केली. जावेने पोरांना बजावलं की काकूकडचा चहासुद्धा घ्यायचा नाही. सोनाबाईने तोंडातून ब्र काढला नाही. पुढे त्याच जावेची सून बाळंत झाली तेव्हा हिने न बोलावता रोज दूध नेऊन दिलं. ही हकीकत ती दरवर्षी ईस्टरच्या सभेत, देवाने आपल्याला कसं बदललं याची साक्ष म्हणून सांगायची. सांगताना तिचे डोळे भरून यायचे, ऐकणाऱ्यांचेही यायचे. आता खरं बोलायचं तर वर्षागणिक त्या साक्षीला थोडी झिलई चढत गेली होती, आणि आपल्या नम्रपणाचा सोनाबाईला चांगलाच ताठा आला होता. पण हे तिच्या तोंडावर कोण बोलणार?

तिला या वाटेवर आणलं रूथताईंनी. रूथताई मोहोपाड्याच्या. सोनाबाईचा नवरा रसायनीला कंत्राटी कामावर असताना काविळीने अंथरुणाला खिळला, तेव्हा तिथल्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. त्याच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी घरच्या माणसासारखं सगळं केलं. तो गेल्यावर एसटी बदलत बदलत त्या कडावला आल्या, उपदेशाचा एक शब्द न बोलता गोठा झाडून दिला आणि निघून गेल्या. मग येतच राहिल्या. देवाशी बोलायचं कसं, हे सोनाबाई त्यांच्याकडून शिकली. आता त्या निवृत्त आहेत, केस पांढरे झालेत, पण आवाज अजून खणखणीत आहे. प्रार्थनेला लागल्या की त्यांना कशाचं भान राहत नाही. मंडळीला त्यांच्या प्रार्थनेचं फार कौतुक, आणि ते कौतुक रूथताईंच्याही कानावर नव्हतं असं नाही.

सोनाबाईला एकुलता एक मुलगा, हिरामण. टेंपो चालवतो. उंचापुरा, बोलायला गोड आणि अलीकडे बाटलीच्या पुरता आहारी गेलेला. एका संध्याकाळी आईने टेंपोची किल्ली लपवली म्हणून त्याने तिचा हात पिरगाळला. मनगट टम्म सुजलं. आळीत तिने सांगितलं की म्हशीने दावं ओढलं. बिचाऱ्या म्हशीने तो आळ निमूट सोसला.

रूथताईंनी मात्र मनगट हातात घेतलं आणि त्यांना काय ते कळलं. गोठ्यातच त्यांनी पट्टी बांधली, आणि बांधता बांधता एवढंच विचारलं की हिरामण का? त्यासरशी सोनाबाईचा बांध फुटला. होतं नव्हतं ते सगळं ती बोलली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "ताई, ह्ये तुमच्यात, माझ्यात न् देवात. चवथ्याला कळता कामा नाय." रूथताईंनी मान डोलावली.

चौथ्याला कळू नये याला कारण होतं. हिरामणचं लग्न जुळत आलं होतं. मुलगी खालापूरची, श्रद्धा. तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला. वडील गोमाभाऊ एक्स्प्रेसवेच्या कडेची झाडं राखतात. घर विश्वासाचं, म्हणजे ख्रिस्तीच, माणसं साधी. स्थळ आणलं होतं सोनाबाईच्या शेजारणीने, अंबाबाईने. श्रद्धा तिची भाची. लग्न झालं की पोरगा सुधारेल, अशी सोनाबाईला आशा होती. असल्या आशेवर किती आयांनी किती लेकी घरात आणल्या असतील ते देवच जाणे.

तर तो शुक्रवार. सभेच्या शेवटी साखळी प्रार्थना व्हायची. म्हणजे गोल बसायचं, डोळे मिटायचे आणि ज्याने त्याने आपल्या उजव्या हाताला बसलेल्या माणसासाठी मोठ्याने प्रार्थना करायची. एकाची झाली की सगळ्यांनी आमेन म्हणायचं आणि पुढच्याने सुरू करायचं. पद्धत चांगली आहे. घरात जिला कुणी विचारत नाही अशा बाईसाठीही आठवड्यातून एकदा कुणीतरी देवाशी बोलतं. त्या दिवशी रूथताईंच्या उजवीकडे सोनाबाई बसली होती आणि सोनाबाईच्या उजवीकडे अंबाबाई.

रूथताईंनी नेहमीसारखी सुरुवात केली. आधी स्तुती, मग आभार, मग सोनाबाईच्या गुराढोरांवर आशीर्वाद. मग त्यांचा आवाज चढला. "प्रभू, तुझ्या या लेकीचं दुःख तुला ठाऊक आहे. तिचा हिरामण दारूच्या पाशात सापडलाय. जन्म दिलेल्या आईवर त्याने हात उचलला, प्रभू. तिचं मनगट बरं कर आणि त्याचं मन बरं कर."

सगळे म्हणाले, आमेन. सोनाबाईच्या तोंडूनही गेलं, आमेन. सवयच ती. शब्द बाहेर पडल्यावर तिला उमगलं की आपण कशाला आमेन म्हटलं. कानशिलं तापली. आणि साखळी तर तिच्याचपाशी येऊन थांबली होती. पुढची प्रार्थना तिची, अंबाबाईसाठी. अंबाबाईच्या गुडघेदुखीसाठी ती काहीतरी पुटपुटली. काय बोलली ते तिला आजही आठवत नाही.

चहाच्या वेळी अंबाबाई कप हातात धरून नुसती तिच्याकडे बघत होती. शेवटी तिने विचारलंच. सोनाबाई हसली. म्हणाली, रूथताईंचं वय झालं गं, मोहोपाड्याच्या कुठल्या बाईच्या पोराचं माझ्या पोरावर घातलं. मनगटाला तर म्हशीनं दावं ओढल्यामुळं लागलं, तूच नाय का हळद लावून दिलीस? अंबाबाईचा चेहरा मोकळा झाला. आपल्याला इतकं सहज खोटं बोलता येतं, हे सोनाबाईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सगळे गेल्यावर रूथताई पायरीवर चपला घालत होत्या. सोनाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ताई, तुमी कबूल केलंवतं."

"मी देवालाच सांगितलं गं, सोना," रूथताई म्हणाल्या, आणि आपलं बोलणं आपल्याच कानी पडताच त्यांचा चेहरा उतरला. त्या आणखी काही बोलणार होत्या.

"पुन्यांदा माझ्या ओटीवर पाय ठेवू नका," सोनाबाई म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. धार काढताना, भाकरी थापताना, कॅन घासताना तिच्या कानात तोच आवाज घुमायचा. भावकीने तोडलं तेव्हा ती रडली होती, पण आतून हलली नव्हती. भावकीकडून तिची अपेक्षाच नव्हती. हे घाव आपल्या माणसाचे होते, आणि तेही देवाचं नाव घेऊन घातलेले. रोज सकाळी ती प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणायला बसायची आणि ‘आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर’ या ओळीपाशी येऊन अडायची. ती ओळ गाळून पुढे जाऊन पाहिलं, तर पुढचंही काही उमटेना. ईस्टरला वर्षानुवर्षं जी साक्ष दिली ती कुणा दुसऱ्याच बाईची होती की काय, असं तिला वाटू लागलं.

मग एक दिवस अंबाबाई बातमी घेऊन आली. सभेतलं बोलणं खालापूरपर्यंत पोचलं होतं, आणि मुलीचा बाप तो, स्वस्थ कसा बसणार? गोमाभाऊ स्वतः मोहोपाड्याला जाऊन रूथताईंना विचारून आले होते. रूथताई एवढंच म्हणाल्या की माझी चूक झाली, मी ते बोलायला नको होतं. गोमाभाऊंनी त्याचा सरळ अर्थ घेतला: बाई खोटं बोलली आणि आता पस्तावली. मंडळीत बभ्रा झाला. म्हातारीला हल्ली आठवत नाही, एकीचं दुसरीला लावते, असं लोक म्हणू लागले. पाळकसाहेबांनी रूथताईंना काही दिवस सभा न चालवता नुसतं बसायला सांगितलं. त्यांनी उलट शब्द काढला नाही.

"बरी जिरली," अंबाबाई म्हणाली. सोनाबाईलाही आधी तसंच वाटलं. त्या दिवशी तिने चहात जास्तीची साखर घातली. पण चहा काही गोड लागला नाही.

कारण रूथताईंची चूक नेमकी कोणती, हे साऱ्या मुलखात तिला एकटीलाच माहीत होतं. बोलणं चुकीचं होतं; बोललेलं खरं होतं. ‘पण ते खरं होतं’ एवढा शब्द जोडला असता तर त्यांची अब्रू वाचली असती. तो त्यांनी जोडला नाही. ज्या बाईने आपलं गुपित उघड्यावर टाकलं तिनेच शेवटी स्वतःच्या अब्रूचं पांघरूण घालून ते झाकून धरलं होतं. रूथताई भांडल्या असत्या तर सोनाबाईला सोपं गेलं असतं. आता राग धरायला नीट जागाच उरली नाही, आणि राग तर जाईना. वर आणखी एक सल होता. निवाडा माझ्या गळ्यात टाकून ही मोकळी झाली, असंही तिला वाटे.

लग्नाची तारीख धरायच्या आधी श्रद्धा आईबरोबर घर बघायला आली. आई ओटीवर अंबाबाईशी बोलत बसली आणि ही पोरगी थेट गोठ्यात. थोरल्या म्हशीने तिला शिंग दाखवलं तरी ती मागे सरली नाही. सोनाबाईचं मनगट तिने पाहिलं. सूज उतरली होती, पण हात अजून पुरता वळत नव्हता. श्रद्धाने चुलीवर खोबरेल कोमट केलं आणि सोनाबाई नको नको म्हणत असताना हलक्या हाताने चोळायला बसली.

"ह्ये म्हशीनंच ना, आई?" तिने विचारलं. बहुधा सहजच विचारलं.

"हां गं."

"मग मी आल्यावर धार मीच काढीन. दावं माझ्याच हातात द्या. तुमी बसून राहायचं."

सोनाबाईने तिच्या हाताकडे पाहिलं. बारीक मनगट, त्यावर हिरव्या काचेच्या बांगड्या. तिने आपला हात काढून घेतला आणि दुधाचं निमित्त करून बाहेर गेली. त्याच आठवड्यात तिने हिरामणला समोर बसवून सांगितलं, लग्नाआधी सोड रं. तो गोड हसला, लगीन झालं की सोडतो म्हणाला, देवाची शपथ घेतली आणि किल्ली घेऊन बाहेर पडला. परत आला तो भिंतीला धरून.

तारीख धरायचं शुक्रवारच्या सभेनंतर ठरलं. पाळकसाहेब कर्जतहून आले. गोमाभाऊ, त्यांची बायको, श्रद्धा, सगळी आली. शुभकार्य आहे, मंडळीत कुणाचं मन दुखलेलं नको, म्हणून पाळकसाहेबांनी येताना आपल्या गाडीतून रूथताईंनाही आणलं. सोनाबाईला त्यांनी विचारलं नव्हतं. रूथताई खालच्या पायरीवर थबकल्या, तिच्याकडे बघू लागल्या. चार माणसांत ती काय बोलणार? या, म्हणाली. त्या दाराजवळ कडेला बसल्या. हिरामण टेंपो घेऊन नेरळला गेला होता. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला होता.

चहा ठेवून, हात पुसून सोनाबाई बाहेर आली तेव्हा गोल धरून झाला होता. एकच जागा उरली होती. तिच्या उजव्या हाताला रूथताई आल्या. समोर श्रद्धा, डोक्यावर ओढणी, डोळे आधीच मिटलेले.

साखळी सुरू झाली. एकेक आमेन तिच्याकडे सरकत येऊ लागलं. सोनाबाईने मनात शब्द जुळवून ठेवले होते: रूथताईंना चांगलं आरोग्य दे, त्यांची स्मरणशक्ती शाबूत ठेव. हो, स्मरणशक्तीचंही तिने योजलं होतं. डोळे मिटल्यावर माणूस काय काय योजतो! मग डावीकडची अंबाबाई थांबली, सगळे आमेन म्हणाले आणि तिची पाळी आली.

"प्रभू," ती म्हणाली, "माझ्या बाजूला रूथताई बसल्यात." इथे ती थांबली. कुणीतरी खाकरलं. तिला स्वतःच्या मनगटावर श्रद्धाचा कोमट तेलाचा हात जाणवत होता. "त्यांची स्मरणशक्ती..." ती पुन्हा थांबली. मग तिचा आवाजच बदलला. "त्यांची स्मरणशक्ती चांगली हाय, प्रभू. त्या खरं बोलल्यावत्या. माझा हिरामण दारू पितो. माझा हात त्यानं पिरगाळला, म्हशीनं नाय. मी खोटं बोलली. मला त्यांचा राग आलावता, अजून हाय. पण ही पोर माझ्या घरात खोट्यावर येता कामा नाय."

आमेन कुणी म्हटलं नाही. ती स्वतःही म्हणाली नाही. बाहेर कोंबड्या खाचराच्या बांधावर माती उकरत होत्या, तेवढाच आवाज. साखळी आता रूथताईंपाशी आली होती आणि त्या तोंडावर पदर धरून नुसत्या बसल्या होत्या. सोनाबाईने डोळे उघडले. श्रद्धा डोळे उघडे टाकून तिच्या मनगटाकडे बघत होती.

गोमाभाऊ उठले. टोपी झटकली, डोक्यावर ठेवली. "बाई, आज बोललात त्ये बरं केलंत," म्हणाले. "पन पयल्या दिशी बोलायला हवं व्हतं." मग त्यांनी बायकोला आणि लेकीला चला म्हटलं. चहा ओटीवर तसाच राहिला, साय धरून. जाताना अंबाबाई सोनाबाईच्या कानाशी येऊन म्हणाली की आई असून लेकाचा संसार तू आपल्या हातानं मोडलास. त्यानंतर कित्येक दिवस तिने सोनाबाईकडून दूध घेतलं नाही.

हिरामणला बातमी वाटेतच लागली होती. तो घरात न येता अंगणातच उभा राहिला.

"आये, चारचौघांत माझी लाज काढलीस."

"तुझी नाय रं. माझी काढली."

त्या रात्रीपासून तो टेंपोतच झोपू लागला. जेवायला येई, पण तिच्या हातून ताट घेत नसे. ताट ठेवून ती आत गेली की बसे. दारू सुटली नाही. इथे एखादा चमत्कार सांगता आला असता तर बरं वाटलं असतं, पण तो झाला नाही. झालं ते इतकंच की आता आळीत कुणी विचारलं तर सोनाबाई म्हशीचं नाव घेत नसे. ईस्टरच्या सभेत साक्ष द्यायला पाळकसाहेबांनी तिचं नाव पुकारलं, तेव्हा तिने बसल्या जागेवरून मान हलवून नको म्हटलं. सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. जावेच्या सुनेला दूध दिलं तेव्हा आपण किती मोठं मन केलं असं वाटलं होतं. आता वाटत होतं की तेव्हा देवाची आणि आपली अजून ओळखही झाली नव्हती.

रात्री अंथरुणात ती रडायची. श्रद्धाच्या हिरव्या बांगड्या डोळ्यांपुढे यायच्या. अशी सून पुन्हा मिळायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पावसाळा तोंडावर आला असताना रूथताई आल्या. कुठलीही वर्दी नाही, नेहमीसारख्या एसटीने. ओटीवर पाय ठेवू नका म्हटलं होतं, ते शब्द अजून परत घेतलेले नव्हते, म्हणून त्या घराला वळसा घालून मागच्या बाजूने गोठ्यात आल्या. सोनाबाई धार काढत होती. ती उठली नाही, पण दुसरा पाट पायाने त्यांच्याकडे सरकवला. रूथताई बसल्या.

बादलीत धार वाजत होती. मग रूथताई म्हणाल्या, "त्या दिवशी मी देवाला सांगत नव्हते, सोना. ऐकणारे बसले होते म्हणून माझा आवाज चढला. चाळीस वर्षं प्रार्थना करतेय, आणि हे मला आत्ता कळतंय."

"मी तुमाला गावभर येडी ठरवलं," सोनाबाई म्हणाली. "तुमी का नाय बोललात?"

"काय बोलणार? पुन्हा तुझंच गुपित?"

सोनाबाईने म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. राग गेला होता का? सगळा नव्हता गेला. कुठेतरी तळाशी होता आणि बहुधा राहणार होता. पण सकाळी ती जिथे अडायची ती ओळ आता अडखळत का होईना पार होत होती.

रूथताईंनी तिचं मनगट हातात घेतलं, वळवून पाहिलं. मग चाचरत विचारलं, प्रार्थना करू का हिरामणसाठी?

"करा," सोनाबाई म्हणाली. "पण मनात करा, ताई."

रूथताईंनी डोळे मिटले. त्या खणखणीत आवाजाच्या बाईचे नुसते ओठ हलत होते. सोनाबाई थोडा वेळ त्या ओठांकडे बघत राहिली. मग तिनेही डोळे मिटले. म्हैस रवंथ करत होती. पलीकडे अंगणात टेंपोचं दार उघडलं, लागलं. हिरामण उठला असावा. रूथताईंचा श्वास मोकळा झाल्याचं ऐकू आलं तेव्हा प्रार्थना संपली हे तिला कळलं.

त्यांनी काय मागितलं ते सोनाबाईने विचारलं नाही. ती म्हणाली, "आमेन."